तिसरा फिल्टर

‘ग्राहक हा राजा आहे’, असं तक्रार कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलं होतं. खाली एकच बाक, त्यावर बिघडलेला पंखा ठेवलेला; त्यामुळे सगळे राजे रांगेत उभे होते. माझ्यापुढे बसव्वा नावाच्या आजी होत्या, खिडकीत कारकून.

“फिल्टरवाल्यानं काय केलं, आजी?”

“नळाच्या पाण्यात मशिनीच्या दोन तारा सोडल्या. पानी काळं झालं. म्हनला, ह्ये इख हाय.”

“तारा लोखंडाच्या असतात. चांगलं पाणीही काळं होतं.”

“ठावं हाय की.”

“मग तिसरा फिल्टर कशाला घेतला?”

“दर गुरुवारी तपासाया येतो. च्या पितो. ‘अव्वा, गुडघा कसा हाय’ म्हनतो.”

“घरी कोण असतं?”

“फिल्टर. ल्योक पुण्याला. त्यानंच फोनवर सांगितलं, तक्रार दे.”

“देताय ना?”

“देते की. फकस्त सुनावणी गुरुवारी ठिवू नका, सायेब.”