देवाला दिलेला शब्द

गणपतीपुळ्याची सोपी सहल रद्द करून मी मुलगा-सुनेला राजापूरपलीकडच्या आमच्या गावी नेलं, तेव्हाच वाटलं होतं, चुकलो. एसटी बंद पडली, शेवटचा तासभर चालावं लागलं. दोघंही वाटेत माझ्याशी बोलली नाहीत.

देवळात गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ही पोरा दरवर्षी अशीच येऊ देत!" यावर सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं.

मुलाने हळूच विचारलं, "बाबा, म्हटलं की यावंच लागतं?"

खोटं बोलवेना. "देवाला शब्द दिल्यासारखंच ते."

त्याने सुनेकडे पाहिलं. ती हसली. दोघंही मोठ्याने म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

गुरव माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी गप का?"

"ऐंशी पुरी झाली रे. मी कसा शब्द देऊ?"

"तुमी नुसता व्हय म्हना. पाळायचा काम देवाचा."