ओटीतल्या पीसांचा ड्रेस

चहा घे आणि ऐक. यापुढे अंगावर घालेन ते स्वतः शिवलेलंच, असं ठरवल्यावर मी पहिला ड्रेस शिवला तो ओटीत मिळालेल्या ब्लाउजपीसांचे तुकडे जोडून. वर्षानुवर्षं पेटीत पडून होते मेले. दुपारी मशीनवर बसले की एकेका तुकड्याबरोबर तो देणारी बाई डोळ्यांपुढं यायची. काहीजणी तर आता नाहीतही. पाय आपोआप चालायचे आणि मी भलतीकडेच असायचे.

तोच घालून लालबागला भाचीच्या हळदीला गेले. दारातच माझी नणंद सुलू म्हणाली, "वैनी, गोधडी पांघरून आलीस की काय?"

सगळ्या हसल्या. वाटलं, आत्ता घरी जावं आणि मशीन माळ्यावर टाकावी.

तेवढ्यात शेजारच्या मावशींनी माझी बाही धरली. "अगं, हा मी दिलेला! तुझ्या डोहाळजेवणाला!"

"हिरवा माझा गं!" दुसरी ओरडली. मग काय, जी ती मला गोल फिरवून स्वतःचा तुकडा शोधायला लागली.

सुलूही हळूच जवळ आली. "माझा कुठाय?"

म्हटलं, "तू दिलेला एवढासा होता, त्याचा खिसाच झाला. बघ हात घालून."

तिनं हात घातला, तो नवरीला हळद लागेपर्यंत बाहेर काढलाच नाही.