आधी डगला, मग माणूस

(दुपार. आतल्या खोलीच्या दारात सून, पायात अजून चपला. सासू पाळण्याची दोरी धरून बसलेली.)

सून : तेच विचारतेय आई, आत्ता आत कोण खोकलं?

सासू : चपला काढ आधी. आणि आज एवढ्या लवकर? कारखाना बुडाला की काय?

सून : लवकर सुटले. विषय बदलू नका. मी फाटकाशी होते तेव्हा ऐकलं. दोन बारीक, मग एक लांब, आणि शेवटी घशात अडकल्यासारखा. अगदी बाबांचा खोकला. अंगावर काटा आला माझ्या.

सासू : ऐकलंस ना? मग मला काय विचारतेस?

सून : बाबांना जाऊन वर्ष होत आलं.

सासू : मला सांग आता तू. नवरा माझा होता.

सून : परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, दुपारी तुमच्या सासऱ्यांचा खोकला ऐकू येतो. मला वाटलं, त्यांचे कान गेले.

सासू : तिचे कान कुठले जातायत. चार घरं सोडून भांडण झालं तरी हिला पाठ.

सून : आणि हा स्टुलावरचा पाण्याचा पेला कुणाचा?

सासू : ह्यांचा.

सून : आई.

सासू : खोकला आला की पाणी द्यायचं. जन्मभर दिलं. आता येतात आणि कोरडे परत जातात, हे बरं दिसतं का?

सून : म्हणजे बाबा येतात.

सासू : येतात. हसायचं तर हस.

सून : हसू कुठलं येतंय. गेले काही दिवस या खोलीत एकटीला यायला भीती वाटते मला. ही पाळण्याची जाळी बघा. बोट फिरवा. पांढरं आलं ना? रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसून कामावर जाते. संध्याकाळी येऊन बघते तर जाळीवर पांढरं, खिडकीत पांढरं. काल छकुलीच्या भुवयांवर होतं. भुवयांवर, आई.

सासू : तिची पावडर असेल.

सून : तिला मी पावडर लावतच नाही. ही गारगोटीची पूड आहे. आमच्या कारखान्यात फरशा बनवताना हीच घालतात. पोत्यांच्या विभागात आहे मी, चिमटीत धरली की कळते.

सासू : कळलं ना? मग त्यांच्याशिवाय कोण आणणार ती? जन्म गेला त्यांचा गिरणीत गारगोटी दळण्यात. घरी यायचे ते नुसते पिठात लोळल्यासारखे. आता येतात आणि खूण ठेवून जातात.

सून : असं नका ना बोलू. मलाही खरं वाटायला लागतं.

सासू : त्यांना काय भ्यायचं. उंदीर दिसला की खाटेवर चढणारा माणूस तो.

सून : खाटेवरून आठवलं. खाटेखाली ही पिशवी कसली? तोंड उघडंच आहे.

सासू : भांडी घासायची पूड. हेच आणायचे गिरणीतून.

सून : भांडी आपण साबणाने घासतो. आणि खुंटीवर बाबांचा डगला कसा? मी स्वतः तो माळ्यावर टाकला होता. खांद्यांवर पूड आहे. ताजी. आई, कोण घालतं हा डगला?

सासू : घालत कुणी नाही.

सून : मग?

सासू : चपला काढ आणि बस. उभ्या माणसाला सांगता येत नाही.

सून : बसले.

सासू : हे गिरणीतून आले की एकदम आत नाही यायचे. पायरीवर उभे राहायचे. मी डगला काढून घ्यायचे, परसात नेऊन झटकायचे, मग ह्यांनी आत यायचं. आधी डगला, मग माणूस. नियम माझाच. नवीन संसार, घर पांढरं व्हायला नको म्हणून.

सून : हे मी बघितलंय. लग्न होऊन आले तेव्हाही चालूच होतं.

सासू : हे गेले. एकदा माळ्यावर काहीतरी शोधताना डगला हाताला लागला. हात आपोआप झटकून मोकळे झाले. खिडकीतून ऊन आलं होतं, त्या उन्हात पूड उभी राहिली गं. ह्यांच्याएवढी उंच. खांदे पडलेले. जरा उभे राहिले, मग सावकाश खाली बसले, दमून बसायचे तसे. आणि खोकले.

सून : मग परसात का नाही झटकत?

सासू : बाहेर वारा घेऊन जातो त्यांना. आत थांबतात.

सून : पण डगल्यात पूड राहून राहून किती राहणार?

सासू : संपलीच. मग यायचे बंद झाले. घर नुसतं खायला उठलं. तेव्हा पिशवी आठवली. आता मूठभर खांद्यांवर घालते आणि झटकते. येतात.

सून : इथे. पाळण्याशेजारी.

सासू : नात बघायची राहून गेली ना त्यांची. रोज दाखवते. म्हणते, बघा, नाक तुमचंच उचललंय, आता बोला.

सून : आई, बाबा कशाने गेले?

सासू : छातीने. माहीत नसल्यासारखं विचारू नकोस.

सून : छातीत काय झालं होतं?

सासू : डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं दगडासारखी झालीत. पूड गेलीय आत.

सून : कुठली पूड?

सासू : गिरणीतली. ही तर घरातली, भांड्यांची. ही वेगळी वाटायची मला.

सून : एकच आहे. आम्ही पोतं उघडतो ते नाकातोंडाला घट्ट मास्क लावून. झटकायचं नाही, कोरडा झाडू मारायचा नाही, सांडली तर आधी पाणी शिंपडायचं. जी पूड दिसते ती खाली बसते. जी दिसत नाही ती हवेत राहते आणि छातीत उतरते. छकुलीची छाती माझ्या मुठीएवढी आहे हो.

सासू : मी जन्मभर झटकला. मला कुठे काय झालं?

सून : मग मघाशी कोण खोकलं?

सासू : हे.

सून : घरात तुम्ही आणि चार महिन्यांचं बाळ. मी धावत आत आले तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात छातीवर होता.

सासू : तो माझा खोकला नाही. त्यांचा मी ओळखते.

सून : त्यांच्यासारखाच आहे. पण तुमचा आहे.

सासू : फार कठोर बोलतेस गं.

सून : बोलते. पोर माझी आहे. आणि तुम्ही गेल्यावर या खोलीत तुमचा खोकला ऐकत बसायचं नाहीये मला.

सासू : ...तिला उचल. आधी तिला इथून बाहेर काढ. काकूंकडे दे.

सून : आलेच.

सासू : दिलीस?

सून : दिली. काय झालं विचारत होत्या. म्हटलं, साफसफाई काढलीय. हा माझा कामावरचा मास्क लावा, दुसरा मी लावते. नाकावर दाबा नीट.

सासू : डगला मी परसात नेते.

सून : तिथून हलवू नका. आहे तिथेच भिजवायचा.

सासू : एकदाच झटकू दे. शेवटचा.

सून : नाही.

सासू : उद्यापासून येऊ नका, एवढं तरी सांगायला नको का त्यांना?

सून : तोंडाने सांगा. डगल्याला हात नको.

सासू : अहो... ऐकताय ना? आता पायरीवरच थांबा. आत नका येऊ. पोरगी चालायला लागली की तीच येईल तुमच्याकडे बाहेर.

सून : हं. हे पाणी. तुम्हीच शिंपडा. हळू, हातानेच.

सासू : केवढा जड झाला. आणि मुकाट. असा भिजवायचा असतो, हे कुणी सांगितलंच नाही गं मला.

सून : त्यांना तरी कुणी सांगितलं होतं?

सासू : आता परसात पुरूया का?

सून : पूड सुकली, उकरली की परत उडणार. मोरीत ओतली तर तळाशी बसणार. डगला एका पिशवीत बांधू, ती दुसऱ्या पिशवीत. आमच्याकडे या पुडीचा वेगळा बंद डबा असतो, साहेबांना विचारून तिथे देते. खाटेखालची पिशवीही तशीच, वरून पाणी शिंपडून. वर नाव लिहायचं असतं.

सासू : ह्यांचं?

सून : पुडीचं, आई.

सासू : हो. पुडीचंच.

सून : आणि उद्या दवाखान्यात जायचं. तुमच्या छातीचा फोटो काढायचा.

सासू : फोटोत हेच निघाले तर?

सून : निघाले तर निघाले. दोघी मिळून बघू. ...आई? मास्क खाली घ्या. सावकाश. श्वास घ्या.

सासू : दोन बारीक आले ना?

सून : हो. मग एक लांब.

सासू : पाणी आण गं. पेल्यातलं नको, त्यात पूड पडलीय.

सून : बाबांचा पेला भरून ठेवायचाय?

सासू : नाही. मला हवंय.