तीस मीटर, चार सेकंद

—आणि मुलगा स्वतः का नाही आला विचारायला? ताप आलाय. बरं. नववीत म्हणालात ना — नववीच्या दोन्ही तुकड्यांना विज्ञान मीच शिकवते, पण पालकसभेत तुम्हाला पाहिल्याचं काही आठवत नाही. असू दे, बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो — आणि सारखं आमच्या फाटकाकडे काय बघताय? परवा पोस्टमनना गाडीची धडक बसली तेव्हापासून येणारा-जाणारा तिकडेच बघतोय. हो, गाडी माझ्या धाकट्या भावाचीच. फाटकातून निघाला, कोपऱ्यावर ते आडवे आले. गाडी नुसती रांगत होती, तोच म्हणाला — आणि तो माझ्याशी खोटं बोलत नाही, लहानाचा मोठा मीच केलाय त्याला. तुम्ही त्या अपघाताच्या चौकशीला आलेले नाही ना? नक्की ना? मग द्या तो कागद.

गाडी उभी होती, चार सेकंदांत तीस मीटर गेली. त्वरण काढा, शेवटचा वेग काढा. कुठल्या पुस्तकातलं हे? आमच्या तर नाही. बरं — वेग एकसारखा वाढला असं धरायचं. चाराचा वर्ग सोळा, त्याचे निम्मे आठ, तिसाला आठाने भागा — पावणेचार. हे त्वरण. असे चार सेकंद, म्हणजे शेवटी वेग पंधरा. झालं.

थांबा, उठताय काय — काय लिहिलंत? ताशी पंधरा किलोमीटर? अहो, एवढ्यासाठी मी मुलांचा अर्धा गुण कापते. सेकंदाला पंधरा मीटर हे. तीन पूर्णांक सहा दशांशाने गुणा — ताशी चोपन्न. खोडा ते पंधरा, चोपन्न लिहा, भोवती चौकट करा.

मागच्या बाजूला छापील काय दिसतंय हे? कागद उलटा करा बघू. करा म्हणते ना... दवाखान्याचा केसपेपर आहे हा. पोस्टमनचे कोण तुम्ही — मुलगा? आणि चार सेकंद कुठून आणलेत, समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातून? तीस मीटर मी दरवर्षी मुलांकडून टेपने मोजून घेते, फाटक ते कोपरा, तीसच भरतं — मघाशी माझ्या लक्षातच आलं नाही बघा.

आलं होतं. खोटं कशाला बोलू, वाचलं तेव्हाच आलं होतं. मला वाटलं, करून दाखवावं, तुमचीही खात्री पटेल — रांगत होती म्हणाला ना तो.

पाय वाचेल का त्यांचा?

नाही, कागद इथे नका ठेवू. न्या. गणित बरोबर आहे. आणि फाटक उघडंच राहू द्या, भाऊ येईल इतक्यात. जा तुम्ही.