बाईसाहेब कपाटाखाली

(सासरे कपाटापुढे जमिनीवर पालथे. सून नुकतीच कामावरून आलेली, खांद्याची पर्सही तशीच.)

सून: अप्पा, असे पालथे काय पडलात? पाठ धरेल.

सासरे: धरू दे. तू हळू बोल. सकाळी लस टोचून आणल्यापासून बाईसाहेब कपाटाखालून हललेल्या नाहीत.

सून: डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या ना, मांजर एखादा दिवस मलूल राहतं, खात नाही म्हणून?

सासरे: त्यांचं म्हणायला काय जातंय? तुझी सासू गेली तेव्हापासून ही माझ्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. आत्ता कुठे पायाशी येऊन बसायला लागली होती, तर मीच तिला पिशवीत कोंबून सुईपुढे नेलं.

सून: तिच्या भल्यासाठीच नेलंत.

सासरे: ते तिला सांग. मानेला गाठ लागली हाताला, म्हणून जरा चोळायला गेलो, तर हे बघ.

सून: केवढं ओरबाडलंय! चोळायचं नसतं, अप्पा. जिरते ती गाठ. तोंडबिंड सुजलंय का तिचं? उलटी? धाप?

सासरे: तसलं काही नाही. अंग मात्र कढत लागलं. पण त्याची सोय केलीय मी.

सून: कसली सोय?

सासरे: आपली तापाची गोळी. अर्धीच हं. कुटून माशात कालवली. मुलांना तुझी सासू मधातून द्यायची ना, तशी.

सून: खाल्लं तिनं?

सासरे: का गं?

सून: वाटी कुठंय?

सासरे: आतच, तिच्या पुढ्यात. अगं, झालं काय?

सून: मांजरांना विष असतं ते, अप्पा. जीव जातो. मोबाइलचा उजेड धरा इकडे. नीट धरा, हलवू नका.

सासरे: हा धरला. दिसतेय का वाटी?

सून: थांबा, आली हाताला. भरलेली आहे. तुम्ही दाबलेल्या बोटांच्या खुणासुद्धा मोडलेल्या नाहीत.

सासरे: कडेनं एखादा घास?

सून: नाही. तोंडच लावलेलं नाही. तरी डॉक्टरबाईंना विचारते, थांबा.

सासरे: काय म्हणाल्या?

सून: खाल्लं नसेल तर भीती नाही. ते टाकून द्या, साधं पाणी ठेवा, सकाळपर्यंत अशीच राहिली तर घेऊन या.

सासरे: दुपारभर इथं पडून विनवण्या करत होतो मी तिच्या. एक घास खा, माझ्यासाठी खा, म्हणून.

सून: नाही ना खाल्लं. नका आता ते मनात घोळवू.

सासरे: मग करू काय मी?

सून: काही करायचं नाही. नुसतं जवळ बसायचं.

सासरे: तुझ्या सासूच्या वेळीही दवाखान्यात हेच सांगितलं होतं.

सून: सरका जरा. मीही बसते.