धुळ्याला पोचायच्या आत

जळगाव-धुळे बसमध्ये लाडकुंवरबाई डोळे मिटून बसल्या होत्या. पुढच्या सीटवर बाप-लेक होते; लग्नाच्या बोलणीसाठी मुलाकडच्यांनी दोघांना धुळ्याला बोलावलं होतं.

‘हर्षाली, तू कॉम्प्युटरवर करतेस काय, हे आज मी त्यांना काय सांगू?’

‘नाना, नुसतं कॉम्प्युटरचं काम म्हणा.’

‘मागे तेच म्हटलं, तर ते म्हणाले, मग नोकरी सोडायला काय हरकत? नीट सांग.’

‘बरं. प्रोसेसरमध्ये कॅश नावाची थोडीशी जलद मेमरी असते. सर्व्हरवरचे बठ्ठे, एकूण एक प्रोग्राम तीच वापरतात. एखादा हावरा ती व्यापतो, मोठ्या मेमरीकडे जायची वाटही अडवतो. मग बाकीचे रखडतात.’

‘त्याला बंद करतेस?’

‘नाही, त्याचंही काम असतंच. एक कमांड टाइप करून कोण किती घेतोय ते बघते, दुसरीनं ज्याचा त्याचा वाटा ठरवून देते. परवा एका दवाखान्यात रिपोर्टच्या प्रोग्राममुळे पेशंटच्या नाडीचे आकडे नर्सला उशिरा दिसत होते. वाटा बांधून दिला, तेव्हा वेळेवर यायला लागले.’

‘हे तू केलंस? घरी बसून?’

‘हो. तेव्हाच तुम्ही पापड वाळत घालायला हाका मारत होता.’

पारोळा गाव मागे पडलं, तसं नानांनी विचारलं,

‘आणि तरी नोकरी सोड म्हणाले तर?’

‘तर चहा पिऊन उठायचं आपण.’

लाडकुंवरबाईंनी डोळे उघडले आणि पिशवीतली शेवेची पुडी पुढे केली.

‘घ्या भाऊ, पोरीलाही द्या. भांडायचं ते भरल्या पोटी.’