काटोलच्या दारात डावा बूट

...अन् वरून लोकं मलेच विचारत होते, "धम्मानंद, तू असा तिरपा काहून उभा राहतं गा?" आता माणूस काय हौसेनं तिरपा राहते का?

तुम्हाले सांगतो, आमच्या गल्लीत सिमेंटचा नवीन रोड झाला. चांगला झाला, पण घरापेक्षा हातभर उंच झाला. मी मोबाईलवर बोलत घराकडे वळलो अन् रोड संपला. घर सुरू व्हायचं होतं. मधात मी. उजव्या पायाचं हाड क्रॅक! डॉक्टरनं गुडघ्यापर्यंतचा वॉकर बूट चढवला, त्याचा तळ हा असा विटेवानी जाड. डॉक्टर म्हणे, "आता हा पाय उंच झाला. डाव्या बुटाच्या खाली ही रबरी लिफ्ट बांधा, नाई तं कंबर जाईन. लेव्हल पाह्यजे, लेव्हल."

बांधली बाप्पा. अन् आरशात पाह्यतो तं काय... मी उंच! दोन्हीकडून उंच! वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी मी हातानं काढली, बिना स्टुलाची. तेवढ्यात आमचे रुपराव मामा आले. मामानं माह्या लग्नाच्या बायोडाट्यात उंची पाच फूट सात लिहून ठेवली होती, मी बोंबललो तरी खोडली नाई. आता माह्याभोवती एक चक्कर मारून म्हणतात, "बसली ना उंची बरोबर? चाल, बूट निघाच्या आत काटोलची पोरगी पाहून घेऊ."

आता खरं सांगू का, त्या दामिनीचा फोटो पाह्यल्यापासून मले दुसरं काही सुचत नव्हतं. संत्र्याच्या कलमाइची नर्सरी चालवते ते, फोटोत हाताले माती, अन् हसून राहिली होती. मी म्हटलं, चला.

गेलो. फाटकापासून दारापर्यंत असा चाललो, असा चाललो... एकदम लेव्हल! अन् दारात बसली होती तिची आजी, यमुताई.

"चप्पल-बूट भायेर काढ, बापू."

मामा म्हणे, "आजी, डॉक्टरनं सांगतलं हाय जी..."

"ज्याले लागलं तो पाय राहू दे. चांगल्या पायाले काय झालं गा?"

डावा बूट निघाला, बुटासंगं लिफ्ट गेली अन् मी पंक्चर झालेल्या ऑटोवानी एका बाजूले कललो. मामा कानात म्हणे, "बस लवकर, बसलेला माणूस लेव्हलमध्येच दिसते." बसलो. पण दामिनी पोहे घेऊन आली अन् मी गाढव, उठून उभा राह्यलो! तिनं उजवा खांदा पाह्यला, डावा खांदा पाह्यला.

"एक विचारू का जी?"

"हाव."

"बायोडाट्यातली उंची कोणत्या बाजूची हाय?"

मामा छताचा पंखा पाहाले लागले. मले वाटलं, गेलं स्थळ! मंग म्हटलं, जाऊ दे, खोटं बोलून काय कायम बूट घालून फिरू का? म्हटलं, "उजवीकडून मामा हाय. डावीकडून मी."

ते हसली. अशी हसली की पोह्यावरचं खोबरं सांडलं. मंग माह्या डाव्या बाजूले येऊन उभी राह्यली, बिनाचपलेची, तरी माह्याहून चार बोटं उंच. आजीले म्हणे, "मले डावीकडला चालते वं."

बूट निघाला, पाय बरा झाला, लग्न पुढच्या महिन्यात हाय. अन् मामा पुन्हा सुरू! "स्टेजवर दोन्ही बुटाले लिफ्ट लाव गा. फोटोत लेव्हल पाह्यजे, लेव्हल." मी दामिनीले फोन केला. ते म्हणे, "लावा ना जी. मी बी हिलची चप्पल घेऊन ठेवली हाय."

आता हिच्यासंगं कुठवर लिफ्टा लावत बसू? मी यमुताईलेच सांगून ठेवलं हाय... स्टेजच्या पायरीपाशी खुर्ची टाकून बसा अन् नवरा असो का नवरी, सगळ्याइचे चप्पल-बूट भायेर काढायले लावा. मंग बी चार बोटं कमी पडीन म्हणा. पडू दे.